संस्थेच्या कपाटातील छोटा डिजिटल कॅमेरा : बिघाड, कारणे आणि उपाय



स्मरणिकेत धम्मावर, शिक्षणावर आणि चळवळीच्या इतिहासावर लेख असतात, तसे ते याही अंकात आहेत. त्यांच्या शेजारी कॅमेऱ्याच्या बिघाडावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. संस्थेचा कॅमेरा सांभाळण्याचे काम अनेक वर्षे आमच्याकडे आहे. या काळात आम्ही ज्या चुका केल्या आणि त्यातून जे शिकलो, ते पुढच्या कार्यकर्त्यांच्या हाती द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या वस्तीतील जुन्या घरांत आजोबांचा किंवा पणजीचा फोटो शोधून पाहा. बहुतेक घरांत तो मिळत नाही. त्या काळी फोटो काढायचा तर वालूरहून सेलूला किंवा परभणीला जाऊन स्टुडिओत बसावे लागे. त्या दिवसाची मजुरी बुडे आणि फोटोचे पैसे वेगळे द्यावे लागत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. अशा आगीत धान्य आणि कपड्यांबरोबर पेटीतले कागद आणि असतील नसतील ते फोटोही जातात. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, पण त्या सोळा वर्षांत खेड्यापाड्यांतून जे चालले, सभेला गेले, तुरुंगात गेले, त्यांच्यापैकी अनेकांचा चेहरा आज कोठेही नोंदलेला नाही. म्हणून संस्थेच्या कार्यक्रमात काढलेला फोटो हा आमच्या दृष्टीने हौसेचा विषय नसून तो दस्तऐवज आहे. दस्तऐवज सांभाळणाऱ्याला त्याचे साधनही सांभाळता आले पाहिजे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला आम्ही वस्तीतील वृद्ध माणसांचे फोटो काढले. त्यांत एक आजी होत्या. १९५६ साली आईच्या कडेवर बसून त्या नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या, असे त्या सांगत. पुढच्या महिन्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘कार्ड एरर’ असा मजकूर आला. आमच्यातील एका उत्साही मुलाने ‘फॉरमॅट’वर बोट ठेवले. कॅमेरा चालू झाला आणि सगळ्यांना बरे वाटले. फोटो संगणकावर घेतलेले नाहीत, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही. वर्षावासात आजी गेल्या. त्यांचा मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “आईचा एखादा फोटो असला तर बघा. आमच्याकडं आधार कार्डावरचा तेवढाच हाय.” त्या दिवशी आम्हाला जी लाज वाटली, तीच या लेखामागे आहे. पुढे काय झाले ते योग्य ठिकाणी सांगू.

मोबाईल असताना हा कॅमेरा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आज बहुतेक फोटो मोबाईलवरच निघतात आणि ते चांगलेही येतात. डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री २०१० च्या सुमारास जगभर सर्वांत जास्त होती. त्यानंतर मोबाईलमुळे ती झपाट्याने घसरली आणि छोट्या कॅमेऱ्यांची बरीच मॉडेल्स बंद झाली. तरीही अनेक संस्थांच्या, शाळांच्या आणि घरांच्या कपाटांत हे कॅमेरे पडून आहेत. त्यांची लेन्स स्वतः पुढेमागे सरकून दूरचे जवळ आणते, आणि त्यांचा फ्लॅश मोबाईलच्या दिव्यापेक्षा सहसा जोरदार असतो. आणखी एक मोठे कारण आहे. मोबाईल एका माणसाचा असतो. तो हरवला, बदलला किंवा तो कार्यकर्ता पुण्याला कामाला गेला, की फोटोही त्याच्याबरोबर जातात. कॅमेरा आणि कार्ड मात्र संस्थेच्या मालकीचे राहते.

जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळणे आता अवघड झाले आहे. दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त होतो. म्हणून घरच्या घरी काय करता येते आणि काय करू नये, हे माहीत असणे आवश्यक आहे.

कॅमेरा काम कसे करतो?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या चकतीची, म्हणजे सीसीडीची, कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्ह सॅसन याने ती चकती वापरून पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचा फोटो शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचा होता आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आपल्या कपाटातला कॅमेरा त्याच जातीचा आहे. बॅटरी वीज पुरवते, लेन्स प्रकाश आत घेते, आतली चकती त्या प्रकाशाचे संकेत बनवते आणि ते संकेत मेमरी कार्डावर उतरतात.

वीज, लेन्स, प्रकाश आणि कार्ड अशी ही चार दारे आहेत. बहुतेक बिघाड यांपैकी कोणत्या तरी एका दाराशी असतो. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे तथागतांनी शिकवले. कॅमेऱ्यालाही ते लागू आहे. म्हणून कॅमेरा बिघडला की त्याला झटके देण्याऐवजी कोणते दार अडले आहे ते शोधावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

१. कॅमेरा सुरूच होत नाही

दहापैकी बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात घड्याळाचे किंवा रिमोटचे स्वस्त सेल घातले, तर तो सुरू होऊन लगेच बंद पडतो. सेल नवे असूनही असे का होते? लेन्स बाहेर काढताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम खूप वीज ओढतो. स्वस्त सेल तेवढी वीज एका दमात देऊ शकत नाहीत. तेच सेल घड्याळात महिनोन् महिने चालतात, कारण घड्याळाची गरज थेंबाथेंबाची असते. अल्कलाइन सेल थोडे बरे, पण तेही लवकर संपतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल सर्वांत उत्तम. त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेले असते म्हणून ते कमजोर समजू नयेत. एकदम वीज देण्याची त्यांची ताकद जास्त असते. मात्र साधे असे सेल नुसते ठेवले तरी हळूहळू उतरतात. म्हणून ते कार्यक्रमाच्या आदल्या रात्री चार्ज करावेत. भारनियमनाचा विचार करून संध्याकाळपर्यंत थांबू नये. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत.

चपट्या लिथियम बॅटरीचा कॅमेरा असेल, तर आधी चार्जरचा दिवा लागतो का ते पाहावे. बॅटरीचे आणि कॅमेऱ्यातील पितळी टोक कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसावे. टोकावर काळपटपणा असेल तर बाहेर काढलेल्या बॅटरीच्या टोकावर खोडरबर हलका फिरवावा आणि चुरा झटकून टाकावा. बॅटरी फुगली असेल, तर ती कितीही चालत असली तरी वापरू नये. तिला टोचू नये, दाबू नये, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावी. नवी घेताना जुन्या बॅटरीवरील नंबर जसाच्या तसा लिहून न्यावा.

बॅटरीच्या आणि कार्डाच्या कप्प्याचे झाकण नीट बसले नाही, तरीही काही कॅमेरे सुरू होत नाहीत. झाकणाची बारीक खुंटी तुटलेली नाही ना, ते पाहावे.

२. लेन्स अडकली

‘लेन्स एरर’ असा मजकूर येतो, कॅमेरा दोनतीनदा टुकटुक करतो आणि अर्धी लेन्स बाहेर ठेवून बंद पडतो. छोट्या कॅमेऱ्यांचा हा सर्वांत नेहमीचा आजार आहे. लेन्सच्या नळ्या एकमेकींत बसतात आणि बारीक दातेरी चाकांवर सरकतात. त्यांच्या फटीत धुळीचा एक कण गेला तरी त्या अडतात. आपल्याकडे याची दोन कारणे आम्ही वारंवार पाहिली. एक म्हणजे उन्हाळ्यात उडणारी काळ्या रानाची धूळ, आणि दुसरे म्हणजे १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील निळा गुलाल. गुलाल फार बारीक असतो. तो हवेत असताना लेन्स बाहेर काढली की तो नळीवर बसतो आणि लेन्स आत जाताना स्वतःबरोबर घेऊन जाते. कॅमेरा खिशात किंवा पिशवीत चुकून सुरू झाला आणि लेन्सला बाहेर यायला जागा मिळाली नाही, तरी हेच होते.

उपाय क्रमाने करावेत. पहिल्यांदा पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून पाहावी, कारण कमी विजेमुळेही लेन्स अर्ध्यात थांबते. मग बॅटरी आणि कार्ड काढून अर्धा तास ठेवावे आणि पुन्हा सुरू करावे. तरीही नाही झाले तर लेन्स जमिनीकडे करून धरावी आणि नळीच्या कडेने रबरी ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे तुषार आत जातात. मऊ कोरड्या ब्रशने कडा झाडाव्यात. पुष्कळदा एवढ्याने काम होते.

काय करू नये तेही सांगतो. लेन्स पकडीने ओढू नये. तेलाचा थेंब सोडू नये. तेलावर धूळ आणखी चिकटते आणि ते काचेवरही पसरते. स्क्रू उघडू नयेत. फ्लॅशसाठी आत वीज साठवणारा एक भाग असतो. त्यात सुमारे ३०० व्होल्ट असू शकतात, आणि बॅटरी काढल्यावरही ती वीज काही काळ टिकते. तिचा झटका लहानसहान नसतो. लहान मुलांच्या हाती उघडा कॅमेरा तर मुळीच देऊ नये.

३. कार्ड वाचले जात नाही

आधी कार्डाच्या डाव्या कडेची छोटी खिटी पाहावी. ती ‘लॉक’कडे सरकली असेल तर कॅमेरा फोटो साठवत नाही. खिटी वर सारली की काम होते. या एवढ्याशा कारणासाठी कॅमेरा शहरात दुरुस्तीला नेलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. आम्ही त्यांतलेच आहोत.

दुसरे कारण कार्डाच्या जातीचे असते. साधे एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचे असते. २००६ पासून एसडीएचसी आले, ते ३२ जीबीपर्यंत. २००९ साली त्याहून मोठे एसडीएक्ससी जाहीर झाले. तिन्ही दिसायला सारखीच असतात आणि एकाच खाचेत बसतात, पण जुन्या कॅमेऱ्याला नवी जात वाचता येत नाही. आज दुकानात ६४ जीबीचे कार्ड सहज मिळते म्हणून ते जुन्या कॅमेऱ्यात घातले, तर ‘कार्ड एरर’ येणारच. त्यात कार्डाचा किंवा दुकानदाराचा दोष नसतो. कॅमेऱ्यावर कोणत्या जातीची खूण आहे ते पाहून कार्ड घ्यावे. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी किंवा मेमरी स्टिक नावाची वेगळीच कार्डे लागतात. ती आता जुन्या बाजारातच मिळतात. म्हणून असलेली जपून वापरावीत.

फारच स्वस्तात मिळणारे मोठे कार्ड पुष्कळदा नकली असते. त्यावर ३२ लिहिलेले असते, पण जागा त्याहून कितीतरी कमी असते. भरल्यानंतरचे फोटो उघडतच नाहीत. नवे कार्ड महत्त्वाच्या कार्यक्रमात प्रथमच वापरू नये. आधी ते पूर्ण भरून, संगणकावर सगळे फोटो उघडून खात्री करावी. कोणी सांगितले किंवा वेष्टनावर छापले म्हणून खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश बाजारातही उपयोगी पडतो.

४. पुसले गेलेले फोटो

आता आजींच्या फोटोची गोष्ट पुरी करू. साध्या फॉरमॅटने कार्डावरील फोटो लगेच नष्ट होत नाहीत. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतील पाने राहतात, तसे ते असते. कॅमेऱ्याला पाने सापडत नाहीत म्हणून तो कार्ड रिकामे आहे असे समजतो. मात्र त्यानंतर नवे फोटो काढले की ते जुन्या पानांवर लिहिले जातात, आणि मग जुने कायमचे जातात.

म्हणून नियम एकच आहे. फोटो पुसले गेल्याचे लक्षात येताच कार्ड बाहेर काढावे, खिटी ‘लॉक’ करावी आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नये. फोटोरेक नावाची एक मोफत संगणक प्रणाली आहे. ती अनुक्रमणिका न पाहता पाने चाळते आणि फोटो शोधून काढते. मिळालेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता संगणकाच्या डिस्कवर ठेवावे लागतात. ‘लो लेव्हल फॉरमॅट’ केले असेल, तर मात्र काही मिळण्याची आशा फार कमी असते.

आमच्या नशिबाने म्हणण्यापेक्षा आळसाने, त्या कार्डावर नंतर मोजकेच फोटो काढले होते. रात्रभर काम चालले. काही फोटो अर्धे राखाडी निघाले, काही मिळालेच नाहीत. आजींचे दोन फोटो होते. एकात त्यांच्या चेहऱ्यावरून राखाडी पट्टा गेला होता. दुसऱ्यात त्या खिरीची वाटी हातात धरून हसत होत्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तोच फोटो चौकटीत बसवून ठेवला होता. मुलाने फोटोकडे पाहिले आणि तो काहीच बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. त्याच आठवड्यात संस्थेने ठराव केला, की कार्यक्रमाचे फोटो त्याच रात्री संगणकावर उतरवल्याशिवाय कॅमेरा कपाटात ठेवायचा नाही. तो ठराव आजही चालू आहे.

५. फोटो हललेले आणि अस्पष्ट

शटरचे बटण दोन टप्प्यांत दाबायचे असते. अर्धे दाबले की कॅमेरा अंतर मोजतो आणि पडद्यावर हिरवी चौकट येते. मग पूर्ण दाबावे. घाईने एकदम दाबले तर अंतर जुळत नाही. विहारात संध्याकाळी प्रकाश कमी असतो. तेव्हा कॅमेरा चकतीवर जास्त वेळ प्रकाश घेतो, आणि तेवढ्या वेळात हात किंवा वक्ता हलला की फोटो पुसट येतो. अशा वेळी कोपरे अंगाशी टेकवावीत, भिंतीचा किंवा खांबाचा आधार घ्यावा, किंवा कॅमेरा टेबलावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. झूम कमी ठेवून दोन पावले पुढे जावे, कारण झूम केल्यावर हाताची थरथरही मोठी होते.

पुष्कळांना वाटते की फ्लॅश लावला की सगळा मंडप उजळेल. या छोट्या फ्लॅशचा पल्ला साधारण तीन मीटरचा असतो. मागच्या रांगेतून व्यासपीठावर फ्लॅश मारला, तर पुढच्या माणसाची पाठ उजळते आणि पाहुणे अंधारात राहतात.

लेन्सवर बोटाचा डाग असेल, तर सगळेच फोटो धुरकट दिसतात. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने लेन्स पुसू नये. आधी हवा मारावी, मग चष्म्याच्या मऊ कपड्याने गोलाकार पुसावे.

६. चेहरे काळे येतात

ही तक्रार आपल्या कार्यक्रमांत फार येते, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपले उपासक आणि उपासिका पांढऱ्या वस्त्रांत असतात. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, त्याला फक्त उजेडाची सरासरी कळते. ती मधल्या राखाडी छटेइतकी राहावी, असा त्याचा हिशेब असतो. चौकटीत पांढरे जास्त असले की त्याला उजेड फार आहे असे वाटते आणि तो सगळा फोटो गडद करतो. पांढरी साडी मळकट दिसते आणि सावळा चेहरा काळवंडून जातो. डोळे आणि हसू दिसत नाही.

येथे एक इतिहास सांगितला पाहिजे. फिल्मच्या काळात पाश्चात्त्य देशांतील प्रयोगशाळा रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचा नमुना-फोटो वापरीत. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. गोरी कातडी नीट दिसली की रंग बरोबर आले, असे धरले जाई. सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे नीट न येण्याचे ते एक कारण होते. दोष त्या चेहऱ्यांत नव्हता. ज्या मापाने ते मोजले, त्या मापात होता. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेले बटण किंवा मेनूतील तशी सोय शोधावी, आणि पांढऱ्या वस्त्रांतील समूहासाठी ते अधिक ०.७ किंवा अधिक १ वर ठेवावे. एक फोटो काढून चेहरा पाहावा, मग कमीजास्त करावे. काम झाल्यावर ते पुन्हा शून्यावर आणायला विसरू नये. खिडकीसमोर किंवा आकाशासमोर माणूस उभा असेल तर दिवसाही फ्लॅश चालू करावा, नाही तर त्याला वळवून उजेड चेहऱ्यावर घ्यावा.

आपल्या गावच्या चक्राकार बारवेचे फोटो काढतानाही हीच अडचण येते. गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांवर भर दुपारी वर लख्ख ऊन आणि खाली गडद सावली असते. कॅमेरा एकाच वेळी दोन्ही नीट दाखवू शकत नाही. सकाळी लवकर, ऊन उतरल्यावर किंवा आभाळ भरलेले असताना गेले, की पायऱ्यांची चाल वरपासून खालपर्यंत स्वच्छ येते.

७. पांढरे गोळे, चमक आणि उभी रेघ

विहारात रात्री काढलेल्या एका फोटोत बुद्धमूर्तीभोवती पांढरे गोल गोळे दिसले. कोणी म्हणाले, हा दैवी प्रकाश आहे. दुसऱ्याने भुताचे नाव घेतले. तो फोटो मोबाईलवरून फिरूही लागला. खरी गोष्ट अशी, की नुकतीच सतरंजी झटकली होती. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे समोर तरंगणारा धुळीचा कण उजळतो आणि तो फार जवळ असल्याने पसरट गोळा दिसतो. आम्ही मुलांना तेथेच सतरंजी पुन्हा झटकायला लावली आणि एक फोटो फ्लॅशने, एक फ्लॅशशिवाय काढायला सांगितले. फ्लॅशच्या फोटोत गोळे आले, दुसऱ्यात आले नाहीत. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाठ असणाऱ्यांनी तरी असले फोटो पुढे पाठवण्यापूर्वी ही परीक्षा करावी.

काचेच्या चौकटीतील बाबासाहेबांच्या प्रतिमेचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा आणि थोडे बाजूला उभे राहावे, म्हणजे काचेवर चमक येत नाही. जुने फोटो, दाखले किंवा पत्रे यांची नक्कल काढायची असेल तर कागद खिडकीजवळ सपाट ठेवावा. त्यावर थेट ऊन नसावे. फुलाची खूण असलेली जवळच्या फोटोची सोय चालू करावी आणि कॅमेरा कागदाला समांतर धरावा.

सूर्य किंवा प्रखर दिवा चौकटीत आला, की पडद्यावर उभी उजळ रेघ दिसते. जुन्या सीसीडी चकत्यांचा हा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. मात्र सगळेच फोटो जांभळट, पट्ट्यापट्ट्यांचे किंवा पूर्ण काळे येत असतील, आणि जुने फोटो पडद्यावर नीट दिसत असतील, तर चकतीच गेली असे समजावे. २००५ साली अनेक कंपन्यांनी उष्णता आणि दमटपणामुळे चकत्यांत असा दोष येत असल्याचे जाहीर केले होते. यावर घरगुती उपाय नाही. याउलट पडदा काळा आहे, पण काढलेले फोटो संगणकावर चांगले दिसतात, असे असेल तर बिघाड पडद्याचा आहे. वरची छोटी खिडकी असेल, तर तिच्यातून पाहून तो कॅमेरा वापरता येतो.

८. तारीख चुकते

कॅमेऱ्याचे घड्याळ आतील लहान बॅटरीवर चालते आणि ती मुख्य बॅटरीवरून भरली जाते. मुख्य बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली, तर तारीख मूळपदावर, बहुधा कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर जाते. मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा फोटो जानेवारीचा म्हणून नोंदला जातो. पन्नास वर्षांनी कोणी इतिहास लिहायला बसला, तर तो ही तारीख खरी मानील. म्हणून बॅटरी घातल्यावर आधी तारीख पाहावी. ती दर वेळी जात असेल, तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला फलकाचा, म्हणजे ज्यावर दिनांक लिहिला आहे अशा बॅनरचा, एक फोटो काढून ठेवावा.

तारखेइतकीच नावेही महत्त्वाची आहेत. फोटो उतरवल्यावर वहीत डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. स्त्रियांच्या पुढे ‘अमक्याची आई’ एवढेच न लिहिता त्यांचे स्वतःचे नाव विचारून लिहावे. नाव नसलेला फोटो एका पिढीत अनोळखी होतो.

९. जपणूक

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कॅमेरा पत्र्याखाली, मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात ठेवलेल्या गाडीत राहू देऊ नये. पावसाळ्यात दमट हवेने लेन्सवर बुरशी येते, आणि ती काच कोरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा. चामड्याच्या पाकिटात महिनोन् महिने ठेवू नये. बराच काळ वापरायचा नसेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून वेगळी ठेवावी. पेन्सिल सेल आत राहिले तर ते पाझरून कॅमेरा खातात. महिन्यातून एकदा कॅमेरा सुरू करून चारदोन फोटो काढावेत.

फोटोंची जपणूक त्याहून मोठी आहे. कार्ड आणि पेनड्राइव्ह ही वाहून नेण्याची साधने आहेत, कायम साठवण्याची नव्हेत. एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी असावी. आग लागली किंवा पाणी शिरले, तर तिन्ही एकदम जाऊ नयेत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते. मूळ जसेच्या तसे पाठवायचे असेल तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. वर्षातील निवडक दहावीस फोटो छापून, मागे नावे लिहून, वाचनालयात ठेवावेत. कागदाला चार्जर लागत नाही.

कार्यक्रमाला निघण्यापूर्वी

बॅटरी भरलेली आहे का, कार्डात जागा आहे का, खिटी मोकळी आहे का, तारीख बरोबर आहे का आणि लेन्स स्वच्छ आहे का, या पाच गोष्टी पाहायला दोन मिनिटे लागतात. मिरवणुकीत गुलाल उडत असताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि गुलाल खाली बसल्यावरच लेन्स बाहेर काढावी.

शेवटी तरुण वाचकांना एक विनंती. या वर्षी वस्तीतील सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचा एक चांगला फोटो काढा. मोबाईलने काढा, कॅमेऱ्याने काढा, कशानेही काढा. त्यांना घाई करू नका, पांढरी साडी नेसून येते म्हणाल्या तर थांबा. त्याच रात्री तो उतरवून घ्या आणि वहीत नाव लिहा. आमच्या हातून एकदा जे निसटता निसटता राहिले, ते तुमच्या हातून निसटू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!